निळ्याचं गुलाबी होईपर्यंत

पॅन फ्लोअरवरच्या दिव्यासमोर मामांनी काचेची पट्टी धरली. पॅनमध्ये शिजत असलेल्या मॅसिक्युटचा, म्हणजे दाणेदार पाकाचा, थेंब त्यांनी पट्टीवर बोटाने पसरला होता. डोळे बारीक करून तो पाहिला आणि पट्टी तिच्याकडे सरकवली.

"बघा मॅडम. दाणा लांबाय लागलाय."

तिने भिंग लावलं. साखरेचा चांगला दाणा कसा, चौकोनी, ठसठशीत, कडा धारदार. पट्टीवरचे दाणे जिऱ्यासारखे निमुळते दिसत होते. मामा तीस हंगाम पॅनवर उभे राहिलेले. "तीन तासांत उतरणारा पॅन सव्वाचार तास घेतोय. खाली कुठंतरी रस बिघडलाय. तुमच्या लॅबला दिसतंय का बघा."

लॅबला काही दिसत नव्हतं. सकाळच्या रिपोर्टमध्ये पोल, रसातली साखर सांगणारा आकडा, नेहमीसारखी होती. किंबहुना किंचित चढीच.

हा प्रसंग फेब्रुवारीच्या अखेरचा, कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यातला. ती तिथे ज्युनिअर केमिस्ट म्हणून लागली त्याला चार महिने झाले होते. कराडला सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलेली मुलगी साखरेच्या लॅबमध्ये काय करणार, हा प्रश्न तिला मुलाखतीत विचारला गेला होता आणि पहिल्या दिवशी चहा पितानाही. लॅबचं सगळं जग ब्रिक्स, पोल आणि प्युरिटी या तीन शब्दांत मावत होतं. रस आणायचा, शिशाच्या क्षाराने निवळायचा, पोलॅरिमीटरच्या नळीत भरायचा, आकडा लिहायचा; दिवसरात्र, हंगामभर. रसात साखर किती आहे ते या आकड्यांतून कळायचं. ती वाटेत कोण खातंय, हे विचारायची पद्धत नव्हती. कोपऱ्यात एक इन्क्युबेटर होता. थंडीच्या दिवसांत त्यात दही लावलं जाई.

पहिल्याच महिन्यात तिने दह्याचं पातेलं बाहेर काढलं आणि काचेच्या बशा आत ठेवल्या. साखर घातलेल्या अगरवर पातळ केलेल्या रसाचा थेंब पसरायचा आणि वाट बघायची. दोन दिवसांनी बशीवर काचेच्या मण्यांसारख्या फुगीर, चिकट वसाहती उठत. त्या मोजल्या, हिशेब केला की एका मिलिलिटर रसात किती लाख जिवाणू होते ते निघायचं. तो कागद घेऊन ती चीफ केमिस्टसाहेबांकडे गेली. त्यांनी आधी तारीख बघितली.

"परवाच्या रसाचा आहे ना हा? त्या रसाची साखर झाली, पोती शिवली, गोडाऊनला गेली. हा रिपोर्ट नाही, पंचनामा आहे."

तिला राग आला. पण बोलण्यात खोट काढता येईना.

ज्या जिवाणूवर तिचा संशय होता त्याचं नाव ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस. नाव जड असलं तरी आपल्या स्वयंपाकघराला तो परका नाही. इडलीचं पीठ रात्रीतून फुगतं त्यात त्याचा मोठा वाटा असतो. मातीत आणि पाचटावर तो असतोच. उभ्या, धड कांड्यात त्याला वाट मिळत नाही. कोयता बसला की दार उघडतं. आत शिरला की तो साखरेच्या रेणूचे दोन तुकडे करतो. ग्लुकोजला ग्लुकोज जोडत लांबच लांब साखळी विणतो, ती डेक्स्ट्रान. उरलेल्या फ्रुक्टोजपासून मॅनिटॉल, लॅक्टिक आम्ल, अॅसेटिक आम्ल असं काहीबाही तयार होतं. म्हणजे साखर जाते ती जातेच, वर चिकटा मागे राहतो. हा चिकटा रस घट्ट करतो, गाळण्या तुंबवतो, पॅन लांबवतो आणि दाण्याला एकाच दिशेने ओढत नेतो.

युरोपातले बीटसाखर कारखानदार टाक्यांच्या तळाशी सापडणाऱ्या या गोळ्यांना बेडकाची अंडी म्हणत. १८६१ मध्ये लुई पाश्चर यांनी हा बुळबुळीतपणा सूक्ष्मजीवांची करणी असल्याचं दाखवलं. १८७४ मध्ये शाइब्लर यांनी त्या पदार्थाला डेक्स्ट्रान हे नाव दिलं आणि १८७८ मध्ये व्हान टिगेम यांनी जिवाणूचं बारसं केलं. पुढे १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये ग्रॉनवाल आणि इंगेलमान यांनी याच डेक्स्ट्रानपासून, रक्तस्राव झालेल्या रुग्णाला शिरेतून देता येईल असं द्रावण बनवलं. दवाखान्यात उपयोगाला येणारी वस्तू कारखान्यात मामांचा पॅन अडवून बसली होती.

आणि ती लॅबलाही फसवत होती. पोलॅरिमीटर साखर मोजत नाही. ध्रुवित प्रकाशाचं प्रतल किती अंश वळलं ते मोजतो. साखरेची वळवण्याची ताकद ६६.५ अंश धरतात. डेक्स्ट्रानची त्याच्या जवळजवळ तिप्पट. त्यामुळे जिवाणूंनी साखर खाल्ली तरी आकडा त्या मानाने घसरत नाही, कधी कधी चढतो. वहीत साखर आत आलेली दिसते आणि पोत्यात सापडत नाही. महिन्याच्या ताळेबंदात हा फरक 'अज्ञात घट' या रकान्यात जाऊन बसतो. मामांच्या पट्टीला जे दिसलं ते सकाळच्या रिपोर्टला का दिसलं नाही, याचं उत्तर हे होतं. बिघाडच साखर म्हणून जमा होत होता.

त्या आठवड्यात सकाळच्या मीटिंगला सूर चढलेला असे. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरला होता. शेतकी खात्याचं म्हणणं, ऊस चांगला येतोय, मिलमध्ये घाण आहे. मिलवाल्यांचं म्हणणं, ऊसच शिळा येतोय, यार्डात दोन-दोन दिवस गाड्या उभ्या आहेत. दोघे मिळून लॅबकडे बघत. लॅबकडे दोन दिवसांपूर्वीचा पंचनामा.

उताऱ्याचा दशांश म्हणजे काय, हे साखरपट्ट्यात शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. टनाला चौतीस रुपये साठ पैसे. कारखान्याच्या बाजूने बघायचं तर दिवसाला ५ हजार टन गाळप असताना उताऱ्याचा एक दशांश म्हणजे ५० क्विंटल साखर. २०१९ मध्ये ठरलेला किलोला ३१ रुपये हा किमान विक्रीदर धरला तरी दीड लाखाच्या वर रक्कम रोजची. एवढी साखर कुठे जाते हे ज्याला तासाभरात सांगता येईल, त्याच्याच बोलण्याला मीटिंगमध्ये वजन येणार होतं.

उपाय तिला घरच्या आठवणीत सापडला. तिचे वडील गावच्या दूध संस्थेत दूध घालत. शीतकरण केंद्रावर दुधात निळा रंग टाकून नळी गरम पाण्यात ठेवत. निळा लवकर उडाला की दूध खराब. कॉलेजात तिने याच जातीचा दुसरा रंग वापरला होता, रेझाझुरिन. जिवंत जिवाणू श्वसन करतात तसा हा निळा रंग आधी गुलाबी होतो, मग पांढरा पडतो. जिवाणू जितके जास्त तितका वेळ कमी. बशीवर मोजायला दोन दिवस लागतात ते इथे घड्याळाच्या काट्यावर वाचायचं. साखर कारखान्यांना ही चाचणी नवी नाही, काही ठिकाणी ती वर्षानुवर्षं होते. या लॅबमध्ये मात्र रंगाची बाटली मागवावी लागली.

दूध आणि रस एक नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळलं. उसाचा ताजा रस मुळात आंबटसर, पीएच साधारण ५.२ ते ५.५. रेझाझुरिनला आम्ल लागलं की त्याची छटा आपोआपच बदलते. नळी पाण्यात ठेवायच्या आधीच रंग निळा म्हणावा की जांभळा, कळेना. तिने रस पातळ करून त्यात बफर घालायला सुरुवात केली. मग नळी हलवायची नाही, हा नियम घालावा लागला, कारण पांढऱ्या पडलेल्या नळीत हवा मिसळली की ती पुन्हा गुलाबी होते. सॅम्पल आणणारा पोरगा हौसेने नळ्या खळखळून बघायचा. त्याच्या हातून त्या काढून घ्याव्या लागल्या. रसात जिवाणू मारायचं बायोसाइड टाकल्या टाकल्या घेतलेला नमुनाही बाद, औषध नळीतही काम करत राहतं आणि रस आहे त्याहून स्वच्छ दिसतो. शिवाय रोज दोन साक्षीदार नळ्या हव्यात: एक उकळून घेतलेल्या रसाची आणि एक फडातून आणलेला ताजा ऊस सोलून लॅबच्या छोट्या चरकात पिळलेल्या रसाची. उकळलेली निळी राहिली तर रंग घालवणारी गोष्ट उकळण्याने मरणारी आहे एवढं नक्की होतं.

आठ दिवस ती फक्त पद्धत बसवत होती. चीफ केमिस्टसाहेब रोज येऊन बघत, काही बोलत नसत. नवव्या दिवशी त्यांनी स्वतःचं स्टॉपवॉच आणून टेबलावर ठेवलं.

मग ती नळ्यांचा रॅक घेऊन मिल हाऊसमध्ये उतरली. आता प्रश्न एकच होता, रस कुठे बिघडतो. उसाची वाट तिने उलगडून मांडली. ऊस टाकायची गव्हाण, कटर, फायब्रायझर, पहिली मिल, मग दुसरी, तिसरी, चौथी. शेवटच्या मिलवर पाणी मारतात ते इम्बिबिशन. सगळ्या रसाची नाली, चोथा वेगळा करणारी फिरती चाळण, मग कच्च्या रसाची टाकी. तिथून पुढे रस तापतो, आणि ल्यूकोनोस्टॉकला उष्णता सोसत नाही. म्हणजे चोरी व्हायची ती या शंभरेक पावलांच्या आतच.

ठिकठिकाणचे नमुने, एकाच वेळी पाण्यात. चरकातला ताजा रस तासाभरानंतरही निळा. पहिल्या मिलचा रस पस्तीस मिनिटांनी गुलाबी. चौथ्या मिलचा पंचवीस मिनिटांनी. तो पातळ आणि कोमट असतो, तेव्हा हे अपेक्षितच. नालीच्या सुरुवातीचा रस बावीस. चाळणीखालून आलेला नऊ.

नऊ मिनिटं. तिने पुन्हा नमुने घेतले. दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा नऊ.

चाळणीखालच्या नालीला कोपऱ्यात एक झाकण होतं, चार बोल्टचं. फिटरने कुरकुरत ते काढलं. आतून आंबूस वाफ आली, शिळ्या ताकासारखी. तिने हातमोजा चढवून आत हात घातला. नालीचा तळ तिथे सपाट होता, वीतभर जागेत रस वाहत नव्हता, नुसता थांबून होता. हाताला आधी बारीक चोथा लागला आणि त्याखाली काहीतरी गिळगिळीत. मूठ बाहेर काढून उघडली. भिजवून फुगलेल्या साबुदाण्यासारखे अर्धपारदर्शक गोळे, एकमेकांना चिकटलेले. बोटांतून गळत होते पण तुटत नव्हते. फिटर दोन पावलं मागे सरला. "एवढी वर्सं हितं हात घातलो न्हाई बगा आमी," तो म्हणाला.

वरच्या बाजूने नाली धुतलेली, चकचकीत होती. बायोसाइडचा ड्रम पहिल्या मिलजवळ, तिथून थेंब थेंब पडणारं औषध इथवर येईपर्यंत विरत होतं. आणि हे गोळे स्वतःच्या चिकट्याच्या आत सुरक्षित बसलेले. पहिल्या मिलपासून येणाऱ्या प्रत्येक लिटरला ते विरजण लावत होते.

इंजिनिअरिंगच्या चीफसाहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं. "मिल थांबवायची म्हणता? तासाला दोनशे टन गाळप आहे आपलं." ती गप्प बसली. उत्तर चीफ केमिस्टसाहेबांनी दिलं. "थांबवू नका. पाळी बदलताना वेग कमी होतोच, तेवढ्यात वाफ मारा. पंधरा मिनिटं." ठरलं असं: दर पाळीला तो कोपरा लोखंडी खोऱ्याने खरवडायचा, उकळतं पाणी सोडायचं, वर वाफ. औषध एकाच जागी थेंब थेंब न टाकता दोन ठिकाणी, ठरावीक वेळाने एकदम. इम्बिबिशनचं पाणी निवू द्यायचं नाही.

चार दिवसांत चाळणीखालचा रस अठ्ठावीस मिनिटांवर आला. मामांनी बोलावून पट्टी दाखवली, दाणे पुन्हा अंगाने भरत होते. पॅन सव्वातीन तासांवर. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये रस पाठवून डेक्स्ट्रान तपासून घेतलं. मद्यार्क घातल्यावर ते दुधाळ धुक्यासारखं वर येतं आणि धुक्याची दाटी उपकरणाने मोजता येते. धुणं सुरू होण्याआधीच्या, बर्फात ठेवलेल्या रसातलं धुकं नंतरच्या रसाहून दाट निघालं. उताऱ्याचा आलेख मात्र एकदम उसळला नाही. तो घसरायचा थांबला. एवढंच तिने मीटिंगमध्ये सांगितलं.

या गोष्टीत एक खाच राहिली. सकाळी आठला आल्यावर घेतलेला पहिला नमुना नेहमी दुपारच्या निम्म्या वेळात गुलाबी होई. कारखान्यात बायकांना रात्रपाळी नव्हती, तेव्हा सॅम्पल आणणाऱ्या पोराला तिने नळ्या लावायला शिकवलं. तो पहाटे घड्याळासकट फोटो पाठवू लागला. धुतल्याचं रजिस्टर बघितलं तर रात्रीच्या सह्या नीट होत्या. रजिस्टर म्हणत होतं धुतलं, नळी म्हणत होती नाही. दोन-तीन दिवस कंत्राटी कामगारांवर तोंडसुख घेऊन झालं. मग कळलं की खरवडायचं काम ते करत होते. वाफेचा कॉकच रात्री वरून बंद असे. जळणाचा बगॅस ओला आला की बॉयलरचं प्रेशर पडतं आणि पहिली काटछाट होते ती असल्या 'फालतू' वाफेची. सही करणाऱ्याला कॉक उघडायचा अधिकार नव्हता. सही न करण्याचाही नव्हता.

मार्चमध्ये एक विक्रेता छोटं यंत्र घेऊन आला. काजव्याच्या अंगातल्या रसायनावर ते चालतं. काजवा उजळायला एटीपी लागतं, जे प्रत्येक जिवंत पेशीत असतं. एटीपीची ही गरज अमेरिकेत मॅकेलरॉय यांनी १९४७ मध्ये दाखवली. नमुन्यात कांडी बुडवायची, यंत्रात घालायची, मिनिटाच्या आत उजेडाचा आकडा पडद्यावर. सगळे खूश. एमडीसाहेबांनी किंमत विचारली. तिने मात्र चरकातला ताजा रस पुढे केला. यंत्राने त्यालाच सगळ्यांत घाण ठरवलं. विक्रेता गोंधळला. चूक यंत्राची नव्हती. उसाची पेशीही जिवंतच असते, तिचंही एटीपी उजेड पाडतं. रसासाठी ते यंत्र उपयोगाचं नाही असं तिने लिहून दिलं, आणि खाली एक ओळ जोडली: धुतल्यानंतर नालीचा पत्रा पुसून तपासायला उत्तम. तिथे रस काय आणि जिवाणू काय, काहीही शिल्लक असणं म्हणजे नीट धुतलेलं नाही. एक यंत्र घेतलं गेलं. कांडी महाग, एकदा वापरून टाकायची. म्हणून आठवड्यातून दोनदाच.

बिघाड झटपट ओळखायच्या या घाईची जगभर उत्तरं जागेप्रमाणे वेगवेगळी निघाली आहेत. लुइझियानात थंडीच्या कडाक्याने उभा ऊस तडकतो आणि तडेच जिवाणूंना वाट देतात. तिथे न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत गिलियन एगलस्टन आणि सहकाऱ्यांनी रसातलं मॅनिटॉल विकराच्या मदतीने काही मिनिटांत मोजायची पद्धत बसवली. मॅनिटॉल वाढलं की ऊस सडू लागला. ऑस्ट्रेलियाला हा प्रश्न १९६० च्या दशकात भेटला, तुकडे करून ऊस तोडणारी यंत्रं आल्यावर. अखंड उसाला दोनच तोंडं असतात. यंत्राने वीत-वीत तुकडे केले की एकाच उसाला वीस-पंचवीस तोंडं फुटतात, आणि प्रत्येक तोंड उघडं.

ती यंत्रं आता आपल्याकडेही आहेत. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मिळेनाशा झाल्या, मुकादमाला दिलेली आगाऊ उचल बुडू लागली, तसा मशीनचा ऊस वाढला. यार्डात मात्र रांग एकच: बैलगाडी, ट्रॅक्टरमागची अंगद गाडी, ट्रॅक्टर, मशीनच्या उसाच्या जाळीच्या ट्रॉल्या, सगळे नंबरावर. चाळणीखालचा कोपरा साफ झाल्यावर पहिल्या मिलच्या रसाचा वेळ ठळक दिसू लागला, आणि तो गाडीगणिक बदलत होता. तिने यार्डात जाऊन गाड्यांचे नमुने घ्यायला सुरुवात केली. कोयत्याने तोडलेला, रात्री आलेला ऊस: बेचाळीस मिनिटं. मशीनचा, कालच्या दुपारपासून उन्हात उभा: अकरा. जळीत ऊस, दोन दिवसांचा: आठ.

त्या अकरा मिनिटांच्या ट्रॉलीचा ड्रायव्हर बीडकडचा होता. नळी गुलाबी झाल्यावर शेतकीच्या माणसाने त्याच्या स्लिपवर काहीतरी लिहायला घेतलं. ड्रायव्हरने स्लिप धरून ठेवली.

"ताई, ह्यो ऊस तोडला तवा गोडच व्हता. काल बारा वाजता काट्यापाशी आलोय मी. आंबला आसंल तर हितं आंबला. मला थांबवलं कुनी?"

कुणी काही बोललं नाही. शेतकीच्या माणसाने पेन खिशात घातलं.

तिने त्या दिवशी वहीत नवा रकाना आखला: यार्डात आल्याची वेळ. पंधरा दिवसांच्या नोंदी झाल्यावर चित्र स्पष्ट झालं. शेत किती लांब, जात कुठली, याने फार फरक पडत नव्हता. मशीनचा ऊस दुपारच्या उन्हात गेटच्या आत जितके तास उभा राही, तितका रंग लवकर उडे. तिने एमडीसाहेबांना लेखी दिलं की ही चाचणी शेतकऱ्याच्या बिलातून कपात करायला वापरू नये. नळी जे मोजते त्यातला मोठा भाग कारखान्याने लावलेला वेळ आहे. आधीच जळीत उसाच्या कपातीवरून भांडणं आहेत. त्यात निळ्या-गुलाबी रंगाची भर पडली तर उद्यापासून कुणी नमुना घेऊ देणार नाही, आणि कारखान्याला आपलाच दोष दिसायचा बंद होईल.

कपात झाली नाही. मशीनच्या उसाला वेगळी रांग करून आधी गव्हाणीवर घ्यायचं, असा आठ दिवस प्रयोग झाला. त्या आठ दिवसांत पहिल्या मिलचा रस चाळीस मिनिटांच्या खाली क्वचित आला. नवव्या दिवशी एका संचालकांच्या भागातल्या बैलगाड्या मागे पडल्याची तक्रार आली. बैलगाडीवाल्यांचंही खरं होतं, बैलं उन्हात जुंपलेली, टोळीतली बाई पोराला घेऊन गाडीखाली बसलेली. रांग पुन्हा एक झाली.

हंगाम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आटोपला. शेवटच्या दिवशी गव्हाणीत नारळ फुटला, मामांनी शेवटचा पॅन उतरवला आणि पट्टी धुऊन खिशात ठेवली. ऑफ सीझनच्या कामांच्या यादीत तिने तीन गोष्टी घातल्या होत्या. चाळणीखालच्या नालीचा सपाट कोपरा कापून उतार देणं. तिथे वाफेची स्वतंत्र लाइन, जिचा कॉक मिल हाऊसमध्येच असेल. आणि मशीनच्या उसासाठी यार्डात कायमची वेगळी रांग, बैलगाड्यांच्या वेळा ठरवून देऊन.

पहिली दोन कामं मंजूर झाली, वेल्डिंग जूनमध्ये पुरं झालं. तिसऱ्यासमोर 'चर्चा करू' असा शेरा आहे.